रात्रपाळी, पाण्याची मोटर आणि दोन तासांची बैठक

विपश्यनेचं शिबिर करून घरी आलेल्या माणसाची साधना मोडली की तो स्वतःला एकच कारण सांगतो: "माझ्यात निग्रहच नाही." हे कारण ऐकून शिकवणाऱ्याला फारसं काही करता येत नाही. उशी किती जाड होती, बैठक किती वाजता लागली, पहिली दहा मिनिटं नेमकं काय केलं, असं विचारत गेलं की बिघाड सापडतो, आणि तो बहुतेक वेळा निग्रहाच्या आसपासही नसतो.

खालचं प्रकरण अशाच बिघाडांचं आहे. ते कुणा एका बाईंचं चरित्र नव्हे. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या साधकांचे हेच प्रश्न साधारण याच क्रमाने येतात, म्हणून ते एका व्यक्तीभोवती बांधले आहेत. साधिका ४४ वर्षांच्या, मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात परिचारिका. राहणं डोंबिवलीत, दोन खोल्या. घरात नवरा, सासूबाई, शाळेतली दोन मुलं. वॉर्डात सगळे त्यांना सिस्टर म्हणतात, इथेही तेच नाव ठेवू. पाळ्या तीन: सकाळी साडेसात ते अडीच, दुपारी दोन ते साडेआठ, आणि रात्री आठ ते सकाळी आठ. घर ते वॉर्ड सव्वा तास.

शिबिरात काय मिळालं होतं

सिस्टरांनी १२ दिवसांची रजा काढून विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. दहा दिवसांना बारा दिवस लागतात हे पहिल्यांदा जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही. आदल्या दिवशी दुपारी पोचायचं असतं आणि अकराव्या दिवशी सकाळी निघता येतं. सत्यनारायण गोएंका यांनी घालून दिलेली ही पद्धत इगतपुरीच्या धम्मगिरीवर, पुण्यात, नागपुरात, कोल्हापुरात, सगळीकडे एकच आहे. पहाटे ४ ला घंटा, साडेचारला ध्यान, साडेसहाला नाश्ता, ११ ला जेवण, दुपारी १२ ते १ आचार्यांना एकट्याने भेटून शंका विचारायची सोय, ५ ला चहा, ७ ला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. दहाव्या दिवशी सकाळपर्यंत आर्य मौन, म्हणजे साधकांनी आपसांत बोलायचं नाही, खाणाखुणाही नाहीत. फोन, पुस्तक, वही काही जवळ नाही. फी नाही. आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर जेवणखाण चालतं.

पहिले साडेतीन दिवस फक्त आनापान, म्हणजे येणारा-जाणारा श्वास जसा आहे तसा जाणणं. चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना, म्हणजे अंगावरच्या संवेदना जशा आहेत तशा पाहणं, दिली जाते आणि त्यानंतर दिवसातून तीनदा अधिष्ठानाची बैठक असते. एक तास हात, पाय, डोळे उघडायचे नाहीत. अंगावरच्या संवेदना पाहण्याची रीत इथे मुद्दाम लिहिलेली नाही. ती शिबिरातच, शिकवणाऱ्याच्या समोर शिकायची गोष्ट आहे आणि वाचून केली तर बहुतेकांची चुकते.

घरी जाताना सांगितलं जातं ते थोडकं असतं: सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास, झोपण्याआधी आणि जाग आल्यावर अंथरुणातच पाच पाच मिनिटं, आठवड्यातून एकदा जुन्या साधकांबरोबर सामूहिक साधना, वर्षातून एक शिबिर. सिस्टरांनी हे मनापासून ऐकलं होतं. बिघडलं ते पुढे.

मोडण्याचा क्रम

पहिला आठवडा सुरेख गेला, कारण त्या सकाळपाळीत होत्या. पहाटे ५ ते ६ आणि रात्री ९ ते १० अशी वेळ त्यांनी ठरवली. शिबिरातल्यासारखी एकच, न हलणारी. त्यांच्या इमारतीत पाणी सव्वापाचला येतं. मोटर लावायची, पिंप भरायचं, सहाला पाणी जातं. म्हणजे बैठक ऐन पाण्याच्या वेळेवर बसली होती. सासूबाईंनी चार दिवस स्वतः मोटर लावली. पाचव्या दिवशी स्वयंपाकघरातून आवाज आला, "अगं, डोळे मिटून बसायला तुला वेळ आहे, पिंप कोण भरणार?"

यात सासूबाईंचं काय चुकलं? त्यांच्या दृष्टीने घरातलं एक काम गुपचूप त्यांच्या अंगावर आलं होतं आणि त्याला धर्माचं नाव दिलं गेलं होतं.

दुसऱ्या आठवड्यात दुपारपाळी लागली. घरी पोचायला पावणेदहा, जेवण, डबे घासणं, मग पावणेअकराला बैठक. दहा मिनिटांत मान खाली. तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी. सकाळी सव्वानऊला घरी येऊन "आधी तास, मग झोप" असा नियम केला, कारण झोपून उठलं की घरकाम सुरू होईल ही भीती. चारही दिवस त्या बसल्या बसल्या झोपल्या. एकदा तर कपाटाला टेकून दुपारचा एक वाजला.

चौथ्या आठवड्यात त्यांनी मोबाईलवर पावसाच्या आवाजाचं ॲप लावून बसायला सुरुवात केली. पूर्वी सत्संगात मिळालेलं नाम श्वासाला जोडलं. मन लागलं, छान वाटलं, आणि आठ दिवसांत तेही कंटाळवाणं झालं. सहाव्या आठवड्यात दोन तासांचे शून्य तास झाले होते.

त्याच आठवड्यातला वॉर्डातला एक प्रसंग. भेटीची वेळ संपलेली, एका पासवर तीन नातेवाईक, त्यातला एक काउंटरवर हात आपटून बोलतोय. सिस्टरांना वाटलं, हीच साधनेची वेळ. त्यांनी डोळे मिटले आणि श्वासाकडे लक्ष दिलं. नातेवाईक ओरडला, "सिस्टर झोपल्या का?" मागची स्टुडंट नर्स फिस्सकन हसली. त्या रात्री सिस्टरांनी ठरवलं की हे आपलं काम नव्हे.

सहायक आचार्यांनी काय विचारलं

नवव्या आठवड्यात एका मैत्रिणीने त्यांना रविवारच्या सामूहिक साधनेला ओढून नेलं. बैठक संपल्यावर सहायक आचार्या असलेल्या बाईंशी वीस मिनिटं बोलणं झालं. महिला साधकांना बहुतेक वेळा महिला आचार्याच भेटतात. अनुभवी शिकवणारा इथे कसा वेगळा पडतो ते पाहण्यासारखं आहे. "मन शांत होतं का?" हा प्रश्न त्यांनी एकदाही विचारला नाही. प्रश्न असे होते:

"कशावर बसता?"

"पलंगावर, मॅडम. उशी घेऊन."

"गादी फोमची?"

"हो."

"सुरुवातीला आनापान किती मिनिटं करता?"

"नाही करत. तेवढा वेळच नसतो, म्हणून थेट विपश्यना."

"झोप येते ती कुठल्या पाळीत, आणि बसल्यावर किती मिनिटांनी?"

"वही ठेवता का?"

वही होती. सिस्टरांनी ती काढून दाखवली. चार रकाने: तारीख, वेळ, मिनिटं, आणि "कसं वाटलं (५ पैकी)". पहिल्या आठवड्यात चार-पाच गुण, मग तीन, दोन, दोन, एक. आचार्यांनी पेन घेऊन शेवटच्या रकान्यावर आडवी रेघ मारली. "हा काढा. याच्या जागी लिहा: पहिली दहा मिनिटं काय केलं."

अख्ख्या प्रकरणाचा उलगडा त्या रेघेत आहे. शिबिराच्या सातव्या-आठव्या दिवशी सिस्टरांना अंगभर हलकी, वाहती संवेदना जाणवली होती. नकळत तोच मापदंड झाला. घरी गुडघ्यात कळ, पाठीत जडपणा, मधे मधे काहीच नाही. म्हणून दोन गुण. या विद्येत प्रगतीचं माप संवेदना कोणती आली हे नसतं, तिच्याकडे किती समतेने पाहता आलं हे असतं. प्रवचनांत हे रोज सांगितलं जातं. पण वहीत गुणांचा रकाना असला की मन गुणांकडेच पळतं. सुखद आलं की पास, दुखलं की नापास, म्हणजे आवड-निवड करायची जी सवय मोडायची तिलाच रोज खतपाणी.

दुसरी गोष्ट त्यांनी हेतूबद्दल विचारली. सिस्टरांचं उत्तर सरळ होतं: झोप यावी, डोकं तापू नये. इथे या परंपरेतलीच एक गोष्ट आठवते. गोएंका मूळचे ब्रह्मदेशातल्या मंडालेचे, व्यापारी घराण्यातले. त्यांना अर्धशिशीचा भयंकर त्रास होता आणि त्यासाठी मॉर्फिन घ्यावं लागायचं. १९५५ मध्ये ते रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले तेव्हा केवळ डोकेदुखी बरी करायला आला असाल तर शिकवणार नाही, असं त्यांनी सुनावलं. रोग जाणं हे या कामाचं उप-उत्पादन असू शकतं, ध्येय नव्हे. यामागे कर्मठपणा नाही, व्यवहार आहे. ज्याला झोप हवी आहे तो बैठकीत झोपेची वाट पाहतो, आणि वाट पाहणारं मन श्वास पाहत नाही.

हे ऊ बा खिन संन्यासी नव्हते, हेही सिस्टरांना त्या दिवशी सांगावं लागलं, कारण "हे नोकरी नसलेल्यांचं काम" असं त्यांचं मत झालं होतं. ते सरकारी नोकर होते. १९३७ मध्ये पहिलं शिबिर केलं, आणि ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा, ४ जानेवारी १९४८ ला, देशाचे महालेखापाल झाले. आपल्याच कार्यालयातल्या माणसांना त्यांनी ध्यान शिकवलं. त्यांचे गुरू सया तेजी हे तर शेतकरी. शेतकरी, हिशेबनीस, व्यापारी अशी ही ओळ आहे. तिच्यात एखादी परिचारिका मुळीच परकी नाही.

दुरुस्ती: आधी बैठक, मग वेळ, मग मन

क्रम हाच ठेवला. अनुभवी शिक्षक मनापासून सुरुवात करत नाहीत, बुडापासून करतात.

फोमच्या गादीवर माणूस बसला की बूड खचतं, कंबर मागे कलते, पाठीला बाक येतो. बाकदार पाठीत छाती दबते, श्वास उथळ आणि अस्पष्ट होतो, आणि वीस मिनिटांत दोनपैकी एक घडतं: पाठ दुखते किंवा झोप येते. सिस्टरांना दोन्ही होत होतं. उपाय साधा. फरशीवर सतरंजी, तिच्यावर चौपदरी गोधडी, म्हणजे घोट्यांना फरशी टोचत नाही. तिच्यावर चार-पाच इंच उंचीची घट्ट उशी. घरात तशी उशी नव्हती म्हणून जुनी चादर घट्ट गुंडाळून खोळीत भरली. उशीवर पूर्ण बसायचं नाही, पुढच्या अर्ध्या भागावर बसायचं, म्हणजे कंबर किंचित पुढे झुकते आणि गुडघे कमरेच्या खाली येतात. गुडघा अधांतरी राहिला तर त्याखाली घडी केलेला पंचा. पद्मासनाची गरज नाही, साधी मांडी पुरते.

बारा तास उभं राहिल्यावर पोटऱ्या सुजतात. रात्रपाळीनंतरच्या बैठकीला म्हणून लाकडी खुर्ची ठरली, पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, पाठ टेकलेली नाही. खुर्ची घेतली म्हणजे साधना कमी झाली असं मानणारे खूप भेटतात. त्यांचे गुडघे वर्षभरात त्यांना खुर्चीवर आणतातच.

जागा कपाट आणि स्वयंपाकघराची भिंत यांच्यामधली, तीन फूट रुंद. तोंड भिंतीकडे. रोज तीच. सतरंजी गुंडाळून कपाटामागे, म्हणजे बैठक मांडायला अर्धं मिनिट पुरतं. हे अर्धं मिनिट महत्त्वाचं. शोधाशोध करावी लागली की तेवढ्यात फोन हातात येतो.

मग वेळ. एकच घड्याळी वेळ धरायची ही कल्पना सोडून प्रत्येक पाळीची वेगळी वेळ लिहिली, आणि ती ड्युटी लिस्टशेजारी फ्रिजवर चिकटवली.

सकाळपाळी असेल तेव्हा पहाटे ४:१० ते ५:१०, म्हणजे पाणी यायच्या आधी उठून मोकळं. मोटर सिस्टरांनीच लावायची. संध्याकाळी ६ ते ७, मुलं शिकवणीला गेलेली असताना. यासाठी रात्री साडेनऊला झोपणं आलं आणि त्याची किंमत म्हणजे मालिका. ती त्यांनी दिली.

दुपारपाळीत सकाळी साडेआठ ते साडेनऊ, घर रिकामं झाल्यावर. दुसरी बैठक रात्री न ठेवता निघण्याआधी पावणेबारा ते सव्वाबारा, अर्धाच तास. दोन बैठकांत बारा तासांचं अंतर हवंच असा काही नियम नाही.

रात्रपाळीत सगळ्यात मोठा बदल झाला. घरी आल्यावर आंघोळ, थोडं खाणं आणि थेट झोप. बैठक उठल्यावर ३ ते ४, मग निघण्याआधी पावणेसहा ते सव्वासहा. थकवा आणि सुस्ती यांत फरक करायला इथे शिकावं लागतं. बैठकीत मान झुकू लागली तर काही श्वास मुद्दाम जोरात घ्यायचे, तरी नाही गेली तर उठून तोंडावर गार पाणी मारायचं, पाच मिनिटं फेऱ्या मारायच्या आणि परत बसायचं. सुस्ती असेल तर ती एवढ्याने उतरते. पुन्हा तीन मिनिटांत मान पडली तर ती शरीराची थकलेली झोप आहे, आणि थकलेल्या झोपेवर उपाय झोपच. तिच्याशी अधिष्ठान करून भांडू नये.

आणखी एक ताकीद: रात्री तीनला वॉर्ड शांत असतो म्हणून खुर्चीत डोळे मिटून ध्यान, हे मुळीच नाही. सलाईन संपायला आलेलं असतं. कामाच्या वेळी पूर्ण लक्ष कामावर, त्या वेळची साधना तीच. इंजेक्शन भरताना अंगावरची संवेदना बघत बसणं हा गोंधळ आहे.

पहिली दहा मिनिटं

घरच्या बैठकीत बहुतेकांचं इथेच चुकतं. शिबिरात साडेतीन दिवस श्वासावर घालवल्यामुळे मनाला धार आलेली असते. घरी ती धार नसते. लोकलमधून, भांड्यांमधून उठून आलेलं मन थेट अंगावर फिरवलं की ते जाड संवेदनांनाच अडखळतं, बाकी जागी "काहीच नाही" म्हणतं आणि तीन-चार मिनिटांत डोक्यापासून पायापर्यंत धावून मोकळं होतं. सिस्टरांचं हेच चाललं होतं. धार बोथट असताना कापायला घेतलं आणि दोष भाजीला दिला.

आता पहिली दहा मिनिटं निव्वळ आनापान. मन फार उसळलेलं असेल तर वीस, आणि एखाद्या दिवशी सगळा तास. त्याची रीत अशी. तोंड बंद. लक्ष नाकपुड्यांच्या कडेला आणि त्याखाली, वरच्या ओठाच्या वरपर्यंतच्या छोट्या जागेत. श्वास आत येतो ते कळलं, बाहेर जातो ते कळलं. उजव्या नाकपुडीतून आला की डाव्या, लांब की आखूड, असेल तसा. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, आत-बाहेर असं मनात म्हणायचंही नाही. स्पर्श कळतच नसेल तर चार-पाच श्वास जरा जोराने घ्यायचे, कळला की पुन्हा सोडून द्यायचा. मन पळालं हे लक्षात आलं की परत आणायचं, चिडायचं नाही. पळालेलं लक्षात येणं हाच सराव आहे. त्या क्षणी स्वतःला झापलं की दुसरा विचार सुरू होतो आणि दोन मिनिटं तो खातो.

सिस्टरांना श्वास पाहताना तो आपोआप मोठा होत असे. हा फार सामान्य दोष आहे आणि परिचारिकांत जरा जास्तच, कारण दिवसभर पेशंटला "मोठा श्वास घ्या" सांगत असतात. त्यावर आचार्यांची सूचना होती: श्वास बघायला जाऊ नका, स्पर्शाच्या जागी नुसते थांबा, येईल तो. दाराशी बसल्यासारखं. जिन्यावर जाऊन पाहुण्याला ओढून आणायचं नाही.

पावसाचं ॲप बंद झालं, नाम बैठकीतून बाहेर गेलं. नाम वाईट म्हणून नाही. शब्द आणि श्वास एकत्र चालवले की शब्द पुढे जातो, मन त्याच्या लयीत शांत होतं, आणि जे जसं आहे ते पाहण्याचं काम थांबतं. त्या शांततेखाली गुडघ्याची कळ तशीच असते, फक्त दिसत नाही. सासूबाईंबरोबरचा हरिपाठ हरिपाठाच्या वेळी होईल. बैठकीत श्वास आणि संवेदना, बस.

शेवटची पाच मिनिटं मंगल मैत्री, पण मन खवळलेलं असेल त्या दिवशी नाही. रागाने धुमसत असताना सगळ्यांचं भलं होवो म्हणणं हे नुसते शब्द होतात.

वॉर्डात

काउंटरवर डोळे मिटणं का फसलं? समोरच्याला ते तुच्छतेसारखं वाटतं, हे एक. दुसरं कारण आतलं. राग पूर्ण पेटल्यावर साधना आठवणं म्हणजे भात करपल्यावर गॅस बारीक करणं. राग येतो तेव्हा श्वास बदलतो आणि अंगावर काहीतरी सुरू होतं, हे या विद्येचं अगदी व्यवहारातलं निरीक्षण आहे. प्रश्न एवढाच, की ते आपल्या अंगात सगळ्यात आधी कुठे कळतं.

सिस्टरांना आचार्यांनी काम दिलं ते एवढंच: आठवडाभर काही करू नका, नुसतं ओळखा. दोन दिवसांत सापडलं. आधी डावा कान गरम होतो, मग श्वास गळ्याशी अडतो, मग शब्द जातो. कान आणि शब्द यांच्यात दोन-तीन सेकंद. त्या फटीत काही थोर करायचं नाही. कान गरम झाला हे कळलं की उघड्या डोळ्यांनी एक श्वास, आणि मग जे म्हणायचं ते म्हणायचं. आवाज चढवावा लागला तर चढवायचाही, वॉर्डात कधी कधी लागतो. फरक असा की तो चढवलेला असतो, चढलेला नसतो.

दुसरी जागा बेसिन. साबणाने हात नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, आणि हे काम पाळीत पुन्हा पुन्हा येतं. बोटांच्या बेचक्या, अंगठा, नखं, मनगट, पाण्याचा गारवा. तेवढा वेळ पुढच्या बेडचा विचार करायचा नाही, हात धुवायचे. यासाठी वेगळा वेळ लागत नाही आणि हातही नीट धुतले जातात, जे एरवी घाईत वीस सेकंदांत उरकतात.

लोकलमधल्या प्रयोगाला आचार्यांनी फार उत्तेजन दिलं नाही. जागा मिळाली तर श्वासाकडे लक्ष ठेवायला हरकत नाही, पण तो तासात धरायचा नाही. सिस्टरांना ते पटायला वेळ लागला, कारण वहीत त्यांनी लोकलची पन्नास मिनिटं रोज जमा धरली होती.

घरातला व्यवहार

बैठकीचं घरच्यांना काय सांगायचं, हा प्रश्न शिबिरात कुणी विचारत नाही आणि घरी पहिल्याच दिवशी पडतो. दोन गोष्टी बदलल्या. साधनेसाठी सासूबाईंवर आलेली कामं सिस्टरांनी परत घेतली. आणि "माझं ध्यान आहे, आवाज करू नका" हे वाक्य बंद केलं. टीव्ही चालू असेल तर चालू. आवाज ऐकू आला, ऐकू आला हे कळलं, श्वासाकडे परत. शांततेची अट घातली की घर दर तासाला परीक्षेला बसतं, आणि कुणी वाटी पाडली तर बैठकीतून उठून भांडण होतं. तसं ते एकदा झालंही होतं.

एका बाबतीत आचार्या कडक होत्या. सिस्टरांची रक्तदाबाची गोळी चालू होती आणि "आता ध्यान करते तर बंद करून बघू का" असं त्यांनी विचारलं. उत्तर एका शब्दाचं होतं. गोळी हा डॉक्टरांचा विषय, साधनेच्या शिक्षकाने त्यात बोलू नये आणि साधकाने बोलवू नये. शिबिराच्या अर्जात आजार आणि औषधं स्पष्ट लिहायला सांगतात ते याचसाठी. गंभीर मानसिक आजारात दहा दिवसांचं मौन झेपणारं नसतं आणि चांगला शिक्षक तिथे नाही म्हणतो.

तीन महिन्यांनंतरची वही

सकाळपाळीचे दोन्ही तास बसले. रात्रपाळीत तीनचा तास बसला, पावणेसहाचा अर्धा तास कधी वीस मिनिटांवर येतो. दुपारपाळीतली पावणेबाराची बैठक अजून सगळ्यात कच्ची आहे. कुकरची शिट्टी, गॅसवाला, शाळेचा फोन, काहीतरी आडवं येतंच. तिची वेळ अकराला आणून बघायचं ठरलं आहे. साप्ताहिक सुट्टीला पाहुणे येतात, त्या दिवशी एकच तास होतो आणि तो तसाच लिहिला जातो. गुडघ्यातली कळ आहे. तिच्याबद्दल वहीत आता काही लिहिलेलं नसतं.

महिन्यातून दोन रविवारी सामूहिक साधना जमते, बाकीचे दोन ड्युटीत जातात. दहा दिवसांची रजा पुढच्या वर्षीच मिळेल, म्हणून जुन्या साधकांसाठीच्या तीन दिवसांच्या शिबिराला अर्ज केला आहे. त्यासाठी दोन बदल्यांच्या सुट्ट्या आणि एक रविवार जोडायचा.

पुढच्या महिन्याची ड्युटी लिस्ट लागली तेव्हा ९ तारखेपासून सलग चार रात्री आल्या होत्या. फ्रिजवरच्या कागदावर त्या चार चौकटींत पेन्सिलीने लिहिलंय: ३ ते ४ खुर्ची, ५:४५ अर्धा. खाली वेगळ्या, वळणदार जुन्या अक्षरात: मोटर मी लावते या चार दिवशी.